वन्संना लेसर करायचं होतं

भावजयीच्या नाकावरचा चष्मा गेला आणि वन्संच्या पोटात दुखायला लागलं. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. हेवा म्हणा, जळफळाट म्हणा, होतं ते हेच होतं, आणि ते झाकायचं कसब वन्संपाशी नव्हतं. लोकांच्या कपड्यांची भोकं त्या अशी बुजवायच्या की खुद्द धन्याला जागा सापडू नये. मनातलं मात्र सगळं त्यांच्या तोंडावर उमटायचं.

वन्सं म्हणजे रफूवाल्या. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीशी एक लांब टेबल, टेबलाच्या दोन टोकांना दोन खुर्च्या, भिंतीवर रंगांप्रमाणे लावलेल्या दोऱ्यांच्या लडी. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, पाठचा भाऊ लहान होता, त्याला वाढवता वाढवता वय कधी निघून गेलं ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. भाऊ आता लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची बायको त्यांना ‘वन्सं’ म्हणते, तेही इतक्या खणखणीत आवाजात की सगळी गल्ली वन्संच म्हणायला लागली. वन्सं मात्र तिला कधी नावानं हाक मारत नसत. नावानं हाक मारली की माया दिसते. त्यापेक्षा ‘अगं’ बरं.

खरं सांगायचं तर ही मुलगी वन्संनीच पसंत केली होती. भावानं भीत भीत फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो नाकाशी धरून बघितला आणि म्हणाल्या, “चष्मा आहे ना? मग चालेल.” वन्संचा नंबर उणे सहा, मुलीचा उणे पाच. दोघींनाही लांबचं दिसत नाही, पण चष्मा काढून वस्तू नाकाशी नेली की बारीकातलं बारीक दिसतं. रफूला आणखी काय हवं? लग्नानंतर महिन्याभरात ती वन्संच्या समोरच्या खुर्चीत बसायला लागली. कामाला बसताना दोघी चष्मे काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या. दारात कुणी आलं की दोघींना नुसतं धुकं. मग दोघी एकदम, एका सुरात, “कोण?” असं म्हणायच्या आणि कट्ट्यावर चाचपडायच्या. घाईत वन्सं तिचा चष्मा लावायच्या, ती वन्संचा, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून हसायचं.

तर असा सगळा सुखाचा संसार चाललेला, आणि भावाच्या डोक्यात लेसरचं खूळ शिरलं.

“ताई, दहा मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला. “दुखत नाही, टाका नाही, पट्टी नाही. हिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, डोळा एकदम योग्य आहे म्हणाले.”

“माझ्या डोळ्याला काय झालंय?” असं वन्संच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं. त्या म्हणाल्या, “करा बाई. तुमचे डोळे, तुमची हौस.”

झालं. ऑपरेशन झालं, भावजय काळा गॉगल लावून घरी आली, आणि तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब कुणी घालायचे? वन्संनीच. भाऊ कामावर. हात स्वच्छ धुऊन, खालची पापणी हलक्या बोटानं ओढून, एका बाटलीचा एक थेंब, मग थोडं थांबून दुसरीचा. डोळा चोळू नकोस, तोंडावर पाणी मारू नकोस, हे सारखं बजावायच्या. हात हलका आणि तोंड तिखट. “पुढे डोळे कोरडे पडतात म्हणे,” त्या थेंब घालता घालता म्हणायच्या. “काही जणांचा नंबर परत येतो म्हणे. रात्री दिव्यांभोवती चक्रं दिसतात म्हणे.” भावजय मान वर करून गप्प पडलेली असायची. म्हणे, म्हणे करत वन्संनी तिला आठवडाभर भरपूर घाबरवलं. पण डोळे आपले दिवसागणिक सुधारतच गेले.

आणि मग एका सकाळी ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, “वन्सं, समोरच्या बेकरीच्या पाटीवर कोपऱ्यात एक मांजर काढलंय. केवढंसं! तुम्हाला माहीत होतं?”

वन्संना माहीत नव्हतं. वीस वर्षं त्या पाटीसमोर बसून माहीत नव्हतं. त्यांनी आपला चरे पडलेला जुना चष्मा लावून बघितलं, तरी मांजर आहे की डाग, ते नीट कळेना.

“असेल मांजर,” त्या म्हणाल्या. “मांजर बघायला बसलोय का आपण?”

त्या दिवसापासून खोलीचं सगळं तंत्रच बिघडलं. दारात कुणी आलं की वन्सं एकट्याच “कोण?” म्हणायच्या, तोवर समोरून “या ना काकू, बसा, पॅन्ट झालीय तुमची,” असं सुरू झालेलं असायचं. गिऱ्हाईक साहजिकच आधी तिच्याकडे वळायचं. वन्सं चाचपडून चष्मा लावेपर्यंत निम्मं बोलणं उरकलेलं. बरं, जवळचं तरी तिला कमी दिसावं? तेही नाही. सुई ओवायची, धागा काढायची, मान वर करून रस्त्यावरची गंमत बघायची, पुन्हा मान खाली. चष्मा नाही, काढणं नाही, घालणं नाही. एकाच माणसाला देवानं किती द्यावं, त्याला काही सुमार?

त्यात भाऊ. इतकी वर्षं ताईच्या हातचं जेवून, ताईकडून शर्टाची बटणं लावून घेऊन मोठा झालेला भाऊ संध्याकाळी कामावरून यायचा आणि दारातच उभा राहून बायकोकडे बघत बसायचा. “काय डोळे आहेत गं तुझे! इतके दिवस काचेमागे कळलंच नाही.” वन्सं चष्मा लावून ताटं मांडत होत्या. त्यांनी ताट असं आपटलं की भाऊ दचकला.

“ताई, काय झालं?”

“काही नाही. मला कमी दिसतं ना, पडलं हातातून.”

दोन महिने असे काढले आणि मग एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, “मला पण लेसर करायचंय.”

भाऊ खूश झाला. भावजय मात्र घास हातात धरून थांबली. वन्संनी ते बघितलं आणि मनात म्हणाल्या, बघा. झोंबलं.

दवाखान्यात सोबत भावजयच आली, कारण तिला सगळं ठाऊक होतं. वन्संना तेही आवडलं नाही. ती आपली सराईतासारखी पुढे, “इथे बसा वन्सं, इथे हनुवटी टेका वन्सं, हलू नका वन्सं.” एका यंत्रात लांबवर लाल दिवा दिसत होता, त्याच्याकडे बघत राहायचं. दुसऱ्यात रंगीत वर्तुळं. तिसऱ्यानं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजली. मग डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आतला पडदा बघितला. वन्संनी सगळ्या तपासण्या शाळेतल्या परीक्षेसारख्या दिल्या, श्वास रोखून, पाठ ताठ करून.

डॉक्टरीणबाई वयानं भावजयीएवढीच होती, पण बोलायला शांत आणि समजावून सांगणारी. “हे सगळ्यांना करता येत नाही,” ती म्हणाली. “हा वरचा पडदा पातळ असेल तर नाही, कारण लेसरनं त्याचाच थोडासा भाग घासून आकार बदलायचा असतो. पडदा पुढे टोकदार होत चालला असेल तर अजिबात नाही. नंबर वर्षभर स्थिर हवा. डोळे फार कोरडे असतील, मधुमेह ताब्यात नसेल, बाई गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर थांबायचं.”

“आणि माझं?”

“तुमचा पडदा छान जाड आहे. आकार उत्तम. नंबर कित्येक वर्षं हललेला नाही. डोळा म्हणाल तर अगदी योग्य.”

वन्संनी भावजयीकडे असं बघितलं की जणू पहिला नंबर आला. बाहुल्या मोठ्या केल्यामुळे भावजय त्यांना नीट दिसत नव्हती ही गोष्ट वेगळी.

“काम काय करता तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आता या प्रश्नात काही तरी मेख आहे, हे वन्संना वासावरून कळलं. हातातोंडाशी आलेला घास जाऊ द्यायचा नव्हता. त्या म्हणाल्या, “काही नाही. घरीच असते.”

“असं काय वन्सं!” भावजय पटकन म्हणाली. “रफू करतात डॉक्टर, ह्या. चष्मा काढून, कापड नाकाला लावून. त्यांच्यासारखं रफू दुसऱ्या कुणाला येत नाही.”

वन्संनी टेबलाखालून तिला असा चिमटा काढला की ती कळवळली. पण बाण सुटला होता. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“वय पंचेचाळीसच्या पुढे, ना? मग हे नीट ऐका. तुम्हाला चष्मा काढून जवळचं एवढं बारीक दिसतं, ते तुमच्या उणे नंबरामुळे. लेसरनं आपण तो नंबर घालवणार. लांबचं स्वच्छ दिसेल. पण नंबराबरोबर हे जवळचं दिसणंही जाईल. या वयात डोळ्याच्या आतलं भिंग ताठ झालेलं असतं, ते जवळच्यासाठी वाकत नाही. मग जवळच्यासाठी चाळिशी लावावी लागेल, आणि चाळिशी लावूनसुद्धा नाकाशी धरून दिसतं तसं नाही दिसणार.”

“मग हिला कसं दोन्ही दिसतं?” वन्संचा आवाज चढला. “हिचंही तेच केलं ना तुम्ही?”

“तेच केलं. पण त्या अठ्ठावीसच्या आहेत. त्यांचं आतलं भिंग अजून मऊ आहे.”

म्हणजे यंत्र तेच, खुर्ची तीच, डॉक्टर तीच. फक्त हिला दोन्ही आणि मला एकच. वन्संना त्या क्षणी भावजयीच्या वयाचासुद्धा राग आला. मध्येच त्यांना काही सुचलं. “पण हिलाही पुढे लागेलच ना चाळिशी?”

“लागेल ना. चाळिशीनंतर सगळ्यांनाच लागते.”

“किती वर्षांनी?” वन्संनी इतक्या आवडीनं विचारलं की डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

मग त्यांनी आणखी एक वाट सांगितली, एक डोळा लांबचा करायचा आणि एक जवळचा ठेवायचा. वन्संना ती ऐकवेचना. “एका डोळ्यानं भाऊ बघू आणि एका डोळ्यानं सुई? नको बाई.” शेवटी डॉक्टरीणबाईंनी तात्पुरत्या लेन्स दिल्या, घालायच्या-काढायच्या कशा ते शिकवलं. “आठवडाभर दिवसा ह्या घालून राहा. ऑपरेशननंतर जसं दिसेल, साधारण तसंच दिसेल. ह्या घालूनच काम करून बघा. मग ठरवा. घाई नाही.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताच वन्सं उसळल्या. “तुला कुणी विचारलं होतं?”

“डॉक्टरांशी खोटं बोलून कसं चालेल वन्सं?”

“खोटं नि खरं! तुला माझा चष्मा जायलाच नकोय. तुझा गेला तेवढा पुरे, होय ना?”

भावजय काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे कबुली, असं वन्संनी धरून टाकलं आणि घरापर्यंत तिच्या दोन पावलं पुढे चालल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेन्स डोळ्यांत बसल्या आणि वन्सं खिडकीशी गेल्या. बेकरीच्या पाटीवर मांजर होतं. काळं, शेपूट उभारलेलं. तारेवर बसलेल्या कबुतराची मान निळी होती. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारा खुर्चीत बसून नखं कापत होता, तेही दिसलं. वन्संना रडू आलं. डोळ्यांत लेन्स म्हणून रडायचीही चोरी. घरात वळून बघितलं तर भाऊ आरशासमोर भांग पाडत होता, आणि त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. पार त्या टोकापासून दिसलं. आणि भावजय दारातून आत येत होती. ती खरोखरच देखणी होती. हे एवढं दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

आता कामाचं ऐका. पहिल्या दिवशी सुईच ओवली जाईना. कापड नाकाशी नेलं तर नुसता लगदा दिसायचा, हात लांब करत नेला तर कुठे तरी स्पष्ट होऊ लागायचं, आणि तेवढ्यात हात संपायचा. भावजयीनं हळूच सांगितलं, “शेजारच्या काकूंची चाळिशी आणू का? लेन्सवरून लावून बघा.”

“चष्मा घालवायला चष्मा लावू? काही डोकं आहे का?”

लेन्स काढून ठेवणं एका मिनिटाचं काम होतं. पण भरदिवसा लेन्स काढायच्या म्हणजे भावजय डॉक्टरकडे बोलली ते खरं ठरवायचं. मेले तरी चालेल, पण ते नको. वन्संनी सोपी कामं पुढे ओढली, बटणं, उसवलेल्या शिवणी, हे सगळं बोटांच्या सवयीवर चाललं. आणि मग कोर्टात जाणाऱ्या वकीलबाई आपला कोट घेऊन आल्या. राखाडी लोकरी कापड, त्यात निळ्या रेघेची बारीक चौकडी, आणि खुर्चीच्या खिळ्याला अडकून कोपराशी फाटलेला.

“वन्सं, हा तुम्हीच करायचा हं,” वकीलबाई म्हणाल्या. “परवा मोठं प्रकरण आहे, हाच कोट घालणार.”

“तर! मीच करणार.”

“वन्सं, मी करू का?” त्या गेल्यावर भावजयीनं विचारलं.

“का? माझे हात मोडलेत?”

वन्संनी आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढले आणि बसल्या. त्या कापडाची वीण दोनावर-दोन, म्हणजे आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून जातो, मग दोनांखालून, आणि दर ओळीला एक घर पुढे सरकतो. वन्संना ती झोपेतसुद्धा विणता येईल अशी त्यांची समजूत होती. तर ती विणली, जवळजवळ झोपेतच. वरून बोट फिरवलं तेव्हा गाठ लागली. निळी रेघ कुठे भेटली आणि कुठे चुकली ते त्यांना दिसतच नव्हतं. कोट घडी करून टेबलावर ठेवला, “झाला,” म्हणाल्या, आणि डोकं दुखतंय सांगून आत जाऊन पडल्या.

थोड्या वेळानं पाणी प्यायला उठल्या. आतल्या खोलीच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. पूर्वी त्या दारातून टेबलाकडे बघितलं असतं तर त्या चरे पडलेल्या चष्म्यातून भावजय म्हणजे एक वाकलेली आकृती, एवढंच कळलं असतं. आज लेन्समधून तिची बोटं दिसत होती. कोट तिच्या मांडीवर होता. ती वन्संचा धागा उसवत होती. एकेक, हळूच, खालचं कापड न दुखवता. उसवून झाल्यावर तिनं नवा धागा ओवला आणि विणायला घेतलं. सुई दोनावरून गेली, दोनांखालून गेली, कुठे अडली नाही, कुठे थबकली नाही. अशी बोटं कुणी शिकवली तिला? वन्संनी. स्वतःच्या हातानं, त्याच टेबलावर.

वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. चष्मा गेला तो गेला, भाऊ तर कधीच गेला, गिऱ्हाईकं चालली, आता हातही घेते की काय ही? मागे काय उरलं माझ्याकडे? पाणी न पिताच त्या मागे फिरल्या, मोरीत जाऊन हात धुतले, आणि डोळ्यांतून दोन्ही लेन्स काढल्या. जग पुन्हा धुकट झालं. कबुतर गेलं, मांजर गेलं, भावाचे पांढरे केसही गेले. त्या थोडा वेळ नळाला धरून उभ्या राहिल्या आणि मुकाट रडून घेतलं. इतकं रडणं कधी आलं नव्हतं, पण करणार काय, दोन्हीतलं एकच मिळणार होतं आणि कुठलं ते त्यांचं ठरलं होतं.

भावजय चहा करायला उठली तशी वन्संनी कोट उचलला आणि नाकाशी नेला. आहाहा! चार दिवसांनी कापड असं उलगडलं. एकेक धागा, धाग्यातला एकेक तंतू. आणि मग वन्संनी चूक शोधायला सुरुवात केली. देवा, एक तरी सापडू दे. निळी रेघ बरोबर जुळलेली. कडा सपाट. ताण सारखा. वन्सं ओळीमागून ओळ बघत चालल्या आणि त्यांचा जीव खाली खाली जायला लागला. जवळजवळ शेवटच्या ओळीत, निळ्या रेघेच्या अगदी खाली, धागा दोनावरून जायच्या ऐवजी एकावरूनच गेला होता. एका ठिकाणी. तेवढ्यामुळे पुढची अख्खी ओळ एक घर सरकलेली.

वन्संना असा आनंद झाला की काय सांगावं. कितीतरी आठवड्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

संध्याकाळी वकीलबाई आल्या. कोट उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, कोपरावरून हात फिरवला. “कमाल आहे! फाटला होता कुठे तेच सापडत नाही. वन्सं, तुमचा हात तो तुमचाच.”

भावजय समोर मान खाली घालून बसली होती. तिनं तोंड उघडलं नाही. ती बोलली असती, मी केलंय म्हणाली असती, तर वन्संना भांडता आलं असतं. पण तिचं ते गप्प बसणं वन्संना सोसेना.

“माझा हात नाही तो,” वन्सं फटकन म्हणाल्या. “हिनं केलंय. आणि एक धागा चुकलाय.”

“कुठे?” वकीलबाईंनी डोळे बारीक केले, चष्मा वर केला, खाली केला. “मला तर काही दिसत नाही.”

“नाहीच दिसणार.”

“तुम्ही नणंदा-भावजया म्हणजे!” वकीलबाई हसल्या, कोट अंगात चढवला आणि गेल्या.

खोलीत दोघीच राहिल्या. भावजय सुया डबीत भरत होती. भरता भरता म्हणाली, “वन्सं, खरंच चुकलाय धागा?”

“म्हणजे? मी खोटं बोलते?”

“तसं नाही. मला टोचायला म्हणालात की काय, म्हणून विचारलं.”

“चुकलाय. निळ्या रेघेखाली. एकावरून गेलाय.”

“असेल,” भावजय म्हणाली.

असेल! वन्संना कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. आता सांगायचं कुणाला? कोट तर गेला. त्या घरात आणि त्या गल्लीत ती चूक दिसू शकणारे दोनच डोळे होते, आणि त्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. ठेवतील कसा? आठवडाभर ‘डोळे कोरडे पडतात म्हणे, नंबर परत येतो म्हणे’ करून जे पेरलं होतं तेच उगवलं होतं. आयुष्यात कधी कापडाच्या बाबतीत वन्संनी खोटा शब्द काढला नव्हता. आणि आज त्यांच्या खऱ्या शब्दाला ‘असेल’.

“हो, जळते मी तुझ्यावर!” वन्सं ओरडल्याच. “जळते! तुझा चष्मा गेला म्हणून जळते, तुला दोन्ही दिसतं म्हणून जळते, तो तुझ्याकडे बघत बसतो म्हणून जळते, तुझा हात चांगला आहे म्हणून तर सगळ्यात जास्त जळते! पण तो धागा चुकलाय. माझ्या आईची शपथ, चुकलाय.”

भावजय डबी हातात धरून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. “जळता ते सगळ्यांनाच माहीत आहे वन्सं. बेकरीवाल्यालासुद्धा माहीत आहे. धाग्याचं तेवढं माहीत नव्हतं.” तिनं डबी खाली ठेवली. “मला नाही दिसला तो. पूर्वी दिसला असता. चष्मा काढून नाकाला लावलं की मलाही एकेक तंतू दिसायचा, आठवतं? आता तेवढ्या जवळ नेलं की धूसर होतं. एवढ्या हौसेनं करून घेतलं, आता कुणाला सांगू? काम चालतं. पण तुमच्यासारखं आता कधी नाही दिसणार.”

वाचणाऱ्याला वाटेल, वन्संना तिची दया आली असेल. आली, पण नंतर. आधी आनंद झाला. मनापासून, सपशेल आनंद. तो इतका मोठा होता की त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्या चिडल्या.

“मग आधी नाही का सांगायचंस? डॉक्टरकडे माझ्या कामाबद्दल बरी जीभ चालली!”

“म्हणून तर चालली,” भावजय म्हणाली.

वन्सं उठल्या आणि कपाटातून घोंगडीसारख्या जाड, उठावदार निळ्या रेघेच्या लोकरी कापडाचा तुकडा काढला, त्याला मध्येच कात्रीनं खिडकी पाडली, आणि दोरीएवढा जाड लोकरीचा धागा मोठ्या सुईत ओवून विणायला बसल्या. दोनावरून, दोनांखालून. एका ठिकाणी मुद्दाम एकावरून. एवढं मोठं की आंधळ्यालाही दिसावं. तुकडा त्यांनी भावजयीच्या पुढ्यात टाकला.

“हे बघ. इथे चुकतेस तू. निळी रेघ जुळवायच्या नादात बोट पुढे सरकतं आणि एक घर सुटतं. दिसत नसेल तर बघू नकोस. रेघेपाशी आलीस की नखानं मोज. एक, दोन. मग सुई.”

भावजयीनं तुकडा घेतला. डोळे मिटले, नखानं घरं चाचपली, एक, दोन, आणि सुई घातली. रेघेपाशी आली, मोजलं, पार केली. पुन्हा मोजलं, पुन्हा पार केली. मग तुकडा वन्संच्या हातात दिला. वन्संनी तो नाकाशी नेला आणि ओळीमागून ओळ बघितली, दोनदा बघितली, तिसऱ्यांदाही बघितली. कुठे काही नव्हतं.

एकदा दाखवलं की येतं हिला, मेलीला. वन्संच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.